दत्ताच्या खोलीचं दार

“दत्ता किती उंच आहे?” मी विचारलं.

“माज्यापेक्षा चार बोटं जास्तच,” तात्या म्हणाले. “ह्या दारातनं येताना वाकतोय बगा.”

मी टिपून घेतलं. नव्या घराच्या दारांची उंची वाढवायची.

“आणि झोपतो कसा? खिडकी उशाला चालेल?”

“भिंतीकडं तोंड करून झोपतोय,” आक्का आतून म्हणाल्या. “लहानपनापासनं. उजेड सोसत न्हाय त्येला.”

घराचा प्लॅन करताना मी असले प्रश्न विचारते. लोकांना वाटतं आर्किटेक्ट म्हणजे पट्टी-पेन्सिल आणि कॉम्प्युटर. माझं निम्मं काम चौकशांचं असतं. घरात आधी कोण उठतं, कोण घोरतं, कुणाचे गुडघे दुखतात, पाहुणे आले की बायका कुठून ये-जा करतात. ह्याला आम्ही रिक्वायरमेंट म्हणतो. ती नीट घेतली नाही तर घर फोटोत छान येतं आणि राहणारे मात्र जन्मभर मला शिव्या घालतात. तात्यांचंच घ्या. एका खोंडानं लाथ मारल्यापासून त्यांचा डावा गुडघा वाकत नव्हता, पाय ओढत चालायचे. पुढच्या पायऱ्यांशेजारी मी त्यांच्यासाठी रॅम्प आखला होता. त्यांनी तो मागितलाही नव्हता.

माझं ऑफिस बारामतीत आहे. ही साइट बावड्याच्या अलीकडे, डांबरी सोडून आत, चहूबाजूंनी ऊस. जुनं चार खोल्यांचं स्लॅबचं घर होतं आणि त्याला लागून मोकळं रान. तिथे नवं घर बांधायचं होतं. राहणारी माणसं तात्या, त्यांची बायको आक्का, मुलगा दत्ता, दत्ताची बायको सुरेखा आणि सुरेखाची शाळेत जाणारी मुलगी. सुरेखा गावातल्या अंगणवाडीत सेविका होती. फार कमी बोलायची.

“दत्ताशी एकदा बोलायला हवं,” मी म्हटलं. “कुठे आहे?”

“पाण्यावर गेलाय,” तात्या म्हणाले.

आमच्या भागात ह्या उत्तराला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही. नदीवर मोटर असते. मोटरची लाईट कधी दिवसाची, कधी रात्रीची. लाईट आली की माणूस उठून उसाला पाणी द्यायला जातो. कर्ता माणूस घरी नसणं हीच इकडची रीत म्हणायला हरकत नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या खेपेला गेले तेव्हाही दत्ता पाण्यावर गेला होता. त्याच्या पुढच्या खेपेलाही. आक्का दर वेळी चहाचा एक कप जास्तीचा आणायच्या आणि त्यावर बशी झाकून ठेवायच्या. आमचं बोलणं संपेपर्यंत तो तसाच गार व्हायचा. मी निघताना सुरेखा तो उचलून मोरीत ओतायची.

दत्ताच्या खोलीबद्दल मात्र सगळं ठरलेलं होतं. दत्ता-सुरेखाची खोली पश्चिमेला, उसाकडच्या वाटेवर. तिला बाहेरून स्वतंत्र दार, म्हणजे अवेळी आला तरी घर उठवायला नको. दाराबाहेर पाय धुवायला नळ. आत गमबूट टांगायला खुंटी. उशाजवळ मोबाईल चार्जिंगचा पॉईंट. क्लायंटला इतकं स्पष्ट माहीत असलं की आर्किटेक्टचा जीव सुखावतो. मी खूश होते.

“आन त्या भाइरच्या दाराला आतनं कडी नको,” आक्का म्हणाल्या.

मी हसले. “आक्का, दार म्हटलं की कडी आलीच की.”

कुणीच हसलं नाही. तात्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. सुरेखा भांडी घेऊन आत गेली.

त्याच दिवशी मी जुन्या घरातली सुरेखाची खोली बघितली. जुनं घर बघायची माझी सवय आहे. माणसं कशी राहतात ते त्यांच्या सांगण्यापेक्षा भिंतींवरच्या तेलकट डागांवरून जास्त कळतं. खोली लख्ख होती. एका खिळ्याला गमबूट टांगलेले, पुसून चकचकीत. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं. त्याला कडी नव्हतीच, कडी होती तिथे स्क्रूची भोकं तेवढी राहिली होती. दाराच्या फटीतून उसाची पानं दिसत होती, इतका ऊस जवळ.

आणि फरशीवर ओरखडा होता. कोपऱ्यातल्या धान्याच्या पत्र्याच्या पिंपापासून थेट त्या दारापर्यंत. एकदा-दोनदा ओढल्याचा नव्हे, घासून घासून पडलेला पांढरा पट्टा.

“हे पिंप रोज हलवता का?” मी सुरेखाला विचारलं.

“झाडताना,” ती म्हणाली.

भरलेलं पिंप झाडण्यासाठी कुणी रोज दारापर्यंत नेत नाही. तात्या माझ्या मागे उभे होते. तेही फरशीकडेच बघत होते.

त्यानंतर काही दिवसांनी सुरेखा एकटीच माझ्या ऑफिसात आली. अंगणवाडीच्या कामानं बारामतीला आले होते, म्हणाली. पाणी प्यायली. बराच वेळ टेबलावरच्या प्लॅनकडे बघत बसली. मग तिनं पश्चिमेच्या दारावर बोट ठेवलं.

“मॅडम, हे दार काडून टाकता येतंय का?”

“का हो? दत्ताला अडचण होईल ना.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “तुमाला कुनी सांगितलं न्हाय व्हय?”

दत्ता कित्येक वर्षांपूर्वी गेला होता. रात्रीची लाईट होती. मोटर पाणी उचलत नव्हती, म्हणून तो नदीत उतरून फूटव्हॉल्व्हमध्ये अडकलेलं काही काढायला गेला असावा. फूटव्हॉल्व्ह म्हणजे पाइपाचं पाण्यातलं तोंड. नदीला वरून पाणी सोडलेलं होतं. सकाळी लोक गेले तेव्हा मोटर चालू होती, बॅटरी जळत होती आणि गमबूट काठावर शेजारी शेजारी ठेवलेले होते. दत्ता मिळाला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

“माती केली न्हाय, दिवस घातलं न्हाईत,” सुरेखा म्हणाली. “आत्या म्हनल्या, माजा पोरगा पाण्यावर गेलाय, यील. मंग कुनीच काय बोललं न्हाय. त्यांनी कडी सवता काडून टाकली. रातीचा आला, आन कुनी दार उगडलं न्हाय तर माघारी जाईल म्हनून.”

“आणि तुम्ही त्याच खोलीत झोपता?”

“मी आन पोरगी. राती पिंप सरकावते, आत्या उटायच्या आदी जाग्यावर नेते. एकदा त्यांनी बगितलं. मारलं न्हाय, बोलल्या न्हाईत. नुसतं पिंपाला टेकून रडत बसल्या. मला मारलं असतं तरी चाललं असतं.”

मी तिच्यापुढचा पाण्याचा ग्लास पुन्हा भरला.

“मला भ्या चोराचं वाटतंय, कुत्र्याचं वाटतंय, ऊस वाढला की कशाचं बी वाटतंय,” ती म्हणाली. “पन खरं सांगू का मॅडम? कदी कदी दार वाऱ्यानं हालतं, आन मला वाटतं खरंच आला तर? तवा लई भ्या वाटतंय. नवऱ्याचं असं वाटावं का कुनाला? पोरगी आता मोटी व्हायला लागली. तिला एक रात तरी दाराकडं पाट करून झोपू दे.”

ती गेल्यावर मी माझ्या टिपणाकडे बघितलं. दत्ता, उंच. भिंतीकडे तोंड करून झोपतो. उजेड सोसत नाही. जो माणूस नदीत नाहीसा झाला होता, त्याच्या उशाला मी मोबाईलचा पॉईंट दिला होता.

ह्या दोघींच्या मध्ये मी पडणार कशी? सून माझ्याकडे येऊन गेली हे आक्कांना कळता कामा नये. मी धंद्याचा आधार घेतला. पुढच्या मीटिंगला नवा प्लॅन नेला. पश्चिमेचा पाऊस आत येईल, म्हटलं. दारासमोर पाणी साचेल, म्हटलं. दार काढून तिथे मोठी खिडकी देऊ.

“वर पत्रा टाका,” आक्का म्हणाल्या.

“तरी ओल येईल, आक्का.”

“मंग वटा उंच करा. तुमी शिकलेल्या, तुमाला काय सांगायचं? पन दार तितंच पायजे. त्येला ती वाट ठावी हाय.”

मी तात्यांकडे बघितलं. तात्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होते. मग म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मॅडम. आक्का म्हनती तसं करा.”

झालं. मी हरले. प्लॅन होता तसाच राहिला.

बांधकामाच्या आधी माझी एक पद्धत असते. जागा जेसीबीनं लेव्हल करायची, वर पाणी मारायचं आणि अख्खं घर जमिनीवर फक्कीनं आखायचं. फक्की म्हणजे मैदानावर खेळाचे पट्टे मारतात ती पांढरी पूड. भिंत असेल तिथे पट्टा, दार असेल तिथे मोकळी जागा. आणि मग मी घरच्यांना सांगते, आठवडाभर ह्या घरात राहा. चहा इथे प्या, खाटा टाकून बघा, दारातूनच ये-जा करा. कागदावर हो म्हणणारी माणसं फक्कीत उभी राहिली की खरं बोलतात. स्वयंपाकघर लहान पडतंय, देवघर चुकीच्या जागी आलंय, सगळं तिथेच बाहेर पडतं. वीट लावण्याआधी फक्की पुसणं बरं.

कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी आखणी केली. तात्या आपल्या खोलीत खुर्ची टाकून बसले. आक्कांनी नसलेल्या ओट्यापाशी उभं राहून बघितलं आणि सिंक दुसऱ्या बाजूला मागितलं. मग त्या जुन्या घरातून एक खाट ओढत घेऊन आल्या. ती पश्चिमेच्या खोलीत लावली, भिंतीच्या पट्ट्याला चिकटून. वर गादी, गादीवर धुतलेली चादर. उशीवरून हात फिरवला. “आता बरं झालं,” म्हणाल्या. सुरेखा पट्ट्याच्या बाहेर उभी होती. आत पाऊल टाकायला तयार नव्हती. चारी बाजूंना ऊस आणि मध्ये उघड्या रानात अंथरलेली ती एक खाट. मी गाडीत बसले तरी आरशात तीच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांचा फोन आला.

“मॅडम, या जरा. दत्ता येऊन गेला.”

माझ्या हातात चहा होता. तो मी खाली ठेवला. तात्यांचा आवाज अगदी सपाट होता, सिमेंटची गाडी येऊन गेली असं सांगावं तसा.

मी गेले. जमीन अजून मऊ होती. उसाकडच्या बाजूनं, पश्चिमेच्या दाराच्या मोकळ्या जागेतून, गमबुटांचे ठसे आत आले होते. तळव्याची नक्षी स्वच्छ उमटलेली. दाराशी थोडी फक्की उडून ठशांत पडली होती. ठसे खाटेपर्यंत गेले होते. तिथे दोन्ही बुटांची टोकं खाटेकडे करून कुणी तरी बराच वेळ उभं राहिलं होतं, माती खोल दबली होती. चादरीला सुरकुती नव्हती. तिथून ठसे आतल्या दारातून पॅसेजमध्ये, स्वयंपाकघरावरून, थेट आक्का-तात्यांच्या खोलीशेजारच्या कोठीत गेले होते. कोठी म्हणजे धान्याची खोली. तिथे थांबले होते. परत आलेले ठसे कुठेच नव्हते.

मला भीती वाटली, सरळ सांगते. सकाळचं ऊन होतं, रस्त्यावरून दुधाची गाडी जात होती, तरी वाटली.

मग मी स्वतःला आवरलं. कोठीच्या पलीकडे जुन्या अंगणाचा टणक मुरूम होता, त्यावर ठसा उमटणारच नाही. साइटवरचा कुठलाही बदल नोंदवायचा म्हणून मी मोबाईलवर फोटो काढले. डाव्या बुटाचं टोक दर पावलाला थोडं फरफटलेलं होतं. ओल्या मातीत बूट रुततात, मी मनात म्हटलं.

आक्का कोठीत उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र इतका फुलला होता की बघवत नव्हतं.

“बगा मॅडम. आला, पन सुरेखाच्या खोलीत ऱ्हायला न्हाय. बाईमानसाची खोली म्हनून मुकाट्यानं फिरला. माज्याजवळ आला. हितं.” त्यांनी पायानं जमीन दाखवली. “त्येला हितं ऱ्हायाचंय. आईजवळ.”

तात्या काठी टेकत पुढे आले.

“मॅडम,” तात्या म्हणाले, “कोठीची खोली करा. भाइरचं दार तितं काडा. आन त्या खोलीचं दार बुजवून टाका. आजच.”

आजच म्हणताना त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

मी फक्कीचं घमेलं मागवलं. पण ते सुरेखानं माझ्या हातातून घेतलं. ती पहिल्यांदाच त्या पट्ट्यांच्या आत गेली. खाली बसली, मूठ भरली आणि पश्चिमेच्या दाराची मोकळी जागा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी करून टाकली. पट्टा सरळ आला.

पाणी प्यायला मी जुन्या घरात गेले. खिळ्यावरचे गमबूट धुतलेले होते. खाली फरशीवर पाण्याचं डबकं साचलं होतं. म्हणजे घरातलंच कुणी तरी. मी मनातल्या मनात सुरेखाच्या पाठीवर थाप मारली. ज्याचं नाव पुढे केल्याशिवाय त्या घरात काही हलत नव्हतं, त्यालाच तिनं साक्षीला आणलं होतं. माझ्या पाऊस-पाण्याच्या कारणांपेक्षा कितीतरी पक्कं काम.

घर झालं. वास्तुशांतीला मला बोलावणं आलं. सुरेखानं मला तिची खोली दाखवली. पश्चिमेला सलग भिंत. आतल्या दाराला वर एक, खाली एक अशा दोन कड्या. तिनं दोन्ही लावून दाखवल्या, उघडल्या, पुन्हा लावल्या.

“तुमची हुशारी,” मी हळू आवाजात म्हटलं. “ते बूट घालून फिरायचं धाडस मला झालं नसतं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला.

“मी न्हाय मॅडम. देवाशपथ न्हाय. त्या बुटांना मी आजपतूर हात लावला न्हाय.”

बाहेर मंत्र चालले होते आणि आम्ही दोघी लावलेल्या कडीकडे बघत उभ्या होतो. मग ती म्हणाली, “मला वाटलं, खरंच आलं हुतं. म्हनून तर मला आता भ्या वाटत न्हाय. येऊन बगून गेलं, आन मला सोडलं.”

मी कडी काढून पॅसेजमध्ये आले. बायकांनी नुकतीच फरशी पुसली होती. तात्या त्यांच्या खोलीतून निघून दत्ताच्या नव्या खोलीकडे चालले होते, हातात पाण्याचा तांब्या. ओल्या फरशीवर त्यांची पावलं उमटत होती. उजवं स्वच्छ. डाव्याचं टोक दर वेळी थोडं फरफटलेलं.

मी मोबाईल काढला नाही. गरज नव्हती.

दत्ताच्या खोलीत खाट होती, भिंतीला लावून. उशाला पॉईंट. खुंटीला गमबूट. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं, ते वाऱ्यानं जरासं हललं. तात्यांनी तांब्या खाटेजवळ ठेवला आणि वर भांडं उपडं घातलं.

“तात्या,” मी म्हटलं, “ते बूट तुम्हाला होतात?”

त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

“जरा ढिलं हुत्यात,” ते म्हणाले.

मग त्यांनी खाटेवरची चादर हातानं सारखी केली.

“फरशीवरचा त्यो ओरखडा मला रोज दिसायचा, मॅडम. सुरेखा राती पिंप ओडायची, मी जागाच असायचो. तुमी पावसाचं कारन सांगाया लागला, तवा कळलं, पोर तुमच्यापतूर गेलीया. आक्काला म्हनलं असतं की त्यो येत न्हाय, तर ती त्याच दिशी हातरून धरती. मंग म्हनलं, एकदा येऊ दे त्येला. येऊन सांगून जाऊ दे.”

एवढी वर्षं पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, मला तेच उत्तर देणाऱ्या माणसाला सगळं माहीत होतं. पहिल्या सकाळपासून, काठावरचे बूट बघितल्यापासून.

तेवढ्यात बाहेरून आक्कांची हाक आली. “अवो, पंगत बसतीया! दत्ता आला का न्हाय?”

तात्यांनी पागोट्याचं टोक डोळ्यांना लावलं. मग दाराकडे तोंड करून नेहमीच्या, अगदी नेहमीच्या आवाजात ते म्हणाले,

“पाण्यावर गेलाय. त्येचं ताट झाकून ठेव.”

तेव्हापासून मी रिक्वायरमेंट घेताना घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलते आणि त्याआधी जुन्या घरातली फरशी बघून घेते. दार कुठे हवं, केवढं हवं, हे घरचा कर्ता सांगतो. कडी कुणाला हवी आहे, ते आपण होऊन विचारावं लागतं.